रात्रभर मुरू द्यायचं

शैलाताई गेल्याचा फोन कारखान्यातूनच आला. "अटॅक आला, झोपेतच गेल्या," आणि त्याच दमात, "शोकसभेत दोन शब्द बोलाल ना?" मी फोन आपटला. ज्यांनी या बाईला घरी बसवलं, त्यांनाच सभेची घाई!

अंबडच्या आमच्या छोट्या कारखान्यात शीतगृहांसाठी अमोनिया गळतीचे अलार्म बनतात. वायू किती झाला की भोंगा वाजायचा, तो आकडा चिपमध्ये एकदाच कोरायचा. ते काम ताईंचं, मी त्यांच्या हाताखाली. चिपच्या पोटात केसाहून बारीक तारा असतात. विजेचा ठोका दिला की हवी ती तार वितळून तुटते. पण ठोका कच्चा बसला, तर तुटलेली टोकं कधीकधी आपोआप चिकटतात आणि चिप आकडा विसरते. म्हणून ताई प्रत्येक चिप रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा तपासत. मी उतावीळ झाले की म्हणत, "अगं, लोणचं आज घातलं नि आजच वाढलं, असं असतं का? मुरू दे की."

द्राक्षांच्या हंगामात शेठना दम निघेना. "टेम्पो दारात उभाय, ताई. एकदा तपासलं ना, झालं!" ताईंनी माल सोडायच्या कागदावर सही नाकारली. शेठनी माल परस्पर पाठवला. पुढे पिंपळगावच्या एका शीतगृहात वायू गळला आणि भोंगा मुकाच राहिला. द्राक्षं भरणाऱ्या बाया वासानं पळाल्या म्हणून वाचल्या. एकीची मात्र नजर गेली. आणि खापर कुणावर? ताईंवर! "चिपचं काम तुमच्याकडंच होतं ना?" म्हणे. त्या घरी बसल्या. भेटले की एवढंच विचारायच्या, "आता तरी रात्रभर ठेवतात का गं?" ... कुणी ठेवत नव्हतं.

शोकसभेत शेठ गहिवरले. "हट्टी होत्या, पण आपल्या घरच्या होत्या." माझं डोकं सणकलं. घरच्या माणसाच्या माथी कुणी असलं पाप मारतं? मी उठले आणि सही कुणी नाकारली, माल कुणी पाठवला, ते सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी शेठ हार घातलेला फोटो घेऊन कारखान्यातल्या ताईंच्या खोलीत आले. "कुठं लावू? तूच सांग." टेबलावर नुकत्याच ठोके दिलेल्या चिपचे ट्रे होते, बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी सगळे ट्रे कपाटात ठेवले आणि कुलूप घातलं.

"फोटो राहू द्या, शेठ. माल उद्या जाईल."

किल्ली अजून माझ्याकडेच आहे.