नऊ किलोंचं स्टेअरिंग

चांगल्या गाडीचं पॉवर स्टेअरिंग काढून तिथं दंडाच्या जोरावर फिरवायचं साधं स्टेअरिंग बसवून घेणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच झाला असणार, आणि तो माझा थोरला साडू आहे. मी एरवी मोजल्याशिवाय बोलत नाही, पण हे बेधडक सांगतो. निमित्त एवढंच झालं की पॉवर स्टेअरिंगच्या पंपातून तेल गळायला लागलं. दुसऱ्या कुणीही पंप दुरुस्त केला असता. साडू मात्र शाळेत पी.टी.चे मास्तर. उशिरा आलेल्या पोराला मैदानाबाहेर काढावं तसं त्यांनी पंपाला गाडीबाहेर काढलं. “साडूभाऊ, यंत्रानं वळवलेली गाडी आपण चालवली म्हणायची का? दंडात जोर हाय तवर पंप कशाला?” या गोष्टीला अकरा वर्षं झाली.

तेव्हापासून ती गाडी वळवणं हा कवायतीचा तास झाला. मी एकदा रद्दीवाल्याचा हुकाचा वजनकाटा मागून आणला, उभ्या गाडीच्या स्टेअरिंगला अडकवून ओढला आणि काटा नऊ किलोंवर गेला. साडूंना हा आकडा फार आवडला. पाहुण्यांना ते गाडीचं ॲव्हरेज सांगत नसत, नऊ किलो सांगत. वळण आलं की ते मोठ्यांदा “दाहिने मूड! एक-दोन, एक-दोन” म्हणत आणि गाडीत बसलेली सगळी माणसं आपोआप उजवीकडं कलत. डावीकडच्या सीटवर नारळाची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, त्याही मुकाट्यानं कलत. गाडी उभी करायची तर निघताना सरळ निघता आलं पाहिजे, ही साडूंची अट. गंगाखेडच्या एका लग्नात त्यापायी आम्ही मांडवापर्यंत चारशे बारा पावलं चाललो. मी मोजली होती.

काढलेली वस्तू टाकायची नाही, हा त्यांचा दुसरा नेम. पंप, नळ्या, बोल्ट, सगळं ग्रीस लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर फळ्यावरच्या सुंदर अक्षरात “डावीकडचा, लांब” अशा चिठ्ठ्या बांधून त्यांनी ज्वारीच्या कोठीत पुरलं. अक्का म्हणाल्या, “अवो, ज्वारीत लोखंड कशाला?” तर उत्तर मिळालं, “ज्वारीत दमट लागत न्हाई. गंज चढायचा न्हाई.” त्या वर्षी त्यांच्या घरच्या भाकरीला ग्रीसचा वास येतो असं माझी बायको म्हणायची. मला आला नाही, पण मी दोनच भाकरी खाल्ल्या होत्या.

यंदा थंडीत त्यांचा उजवा खांदा धरला. हात कानापर्यंत जाईना. स्टेअरिंगला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. दर शनिवारी पोखर्णीच्या नरसिंहाला स्वतःच्या गाडीनं जाण्याचा त्यांचा नेम एकदाही चुकला नव्हता. आता लागोपाठ दोन शनिवार बुडाले. मी म्हणालो, माझ्या गाडीनं जाऊ. “दुसऱ्याच्या गाडीतून जायाचं म्हंजे देवाकडं पाहुणा म्हणून जायाचं,” असं म्हणून त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. दोनच आठवड्यांत माणूस इतका आक्रसलेला मी पाहिला नव्हता. तिसऱ्या शुक्रवारी फोन आला. “उद्या सकाळी मिस्त्रीकडं या. काटा घिऊन या.”

मिस्त्री तेच, ज्यांनी अकरा वर्षांपूर्वी पंप काढला होता. “सर, तबीच बोला था मैं, एक दिन वापस लगाना पडेंगा.” त्यांनी कोठीतून आणलेली पुडकी सोडली. लोखंड कालच काढल्यासारखं चकचकीत निघालं. रबरी नळ्यांचा मात्र हातात भुगा झाला. “लोहा बचा सर, रबर गया.” नळ्या, सील आणि पट्टा नवे आणले. दुपारनंतर तेल भरलं. आतली हवा निघावी म्हणून मिस्त्री स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवू लागले, तसे साडू बाहेर उभे राहून “बाये मूड, दाहिने मूड” सांगू लागले. मी काटा लावला. दीड किलो. साडूंनी चष्मा लावून पाहिलं. “काटा बिघडलाय तुमचा.”

अक्का जेवणाचा डबा आणि नारळाची पिशवी घेऊन आल्या होत्या, शनिवारच होता. साडू डॉक्टरांना न जुमानता गाडीत बसले आणि फाटकाबाहेर पडताना डाव्या हातानं सवयीचा नऊ किलोंचा जोर लावला. गाडी गर्रकन वळून कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगात शिरली. मोडलं काही नाही. साडू उतरले, हाताकडं बघत म्हणाले, “जोर लावला तरी चुकायलंय, न्हाई लावला तरी चुकायलंय.”

अक्कांनी पिशवी त्यांच्या हातात दिली आणि त्या ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. तेव्हा मला आठवलं. गाडी नवी होती तेव्हा अक्का रीतसर शिकल्या होत्या, पोखर्णीला चालवतही नेत. पंप निघाल्यावर पहिल्याच वळणावर स्टेअरिंग हलेना, म्हणून उतरून डावीकडं जाऊन बसल्या, त्या तिथंच राहिल्या. मी नऊ किलो मोजले, पावलं मोजली. हे मोजलं नव्हतं.

“अगं, लायसन?” साडू म्हणाले.

अक्कांनी पर्समधून काढून दाखवलं. चालू होतं.

“हे कधी नवं केलंस?”

“दोन वर्षं झाली. तुमी पंप काढताना मला इचारलं व्हतं का? मग मी बी न्हाई इचारलं.”

त्यांनी गाडी पऱ्हाट्यांतून अलगद मागं काढली आणि आम्ही निघालो. मी मागं बसलो होतो. गाव सुटल्यावर साडू मागं न बघता म्हणाले, “साडूभाऊ, अकरा वर्षं ही कधी बोलली कशी न्हाई?”

उत्तर अक्कांनीच दिलं, नजर रस्त्यावर ठेवून. “तुमी सारखं एक-दोन, एक-दोन म्हणत व्हता. मधी बोलावं कसं?”

वळण दिसलं तशी साडूंनी मांडीवरची नारळाची पिशवी सावरली आणि अक्कांनी स्टेअरिंग फिरवायच्या आधीच, मुकाट्यानं, त्या बाजूला कलले.