जंगलात नेली का बोलन

"फ्रीज आणला तो तरी घुरघुर करते. सून आणली, तिचा तेवढाबी आवाज नाही!"

सासूबाई फोनवर बहिणीला सांगत होत्या. मी दाराआड कपड्यांच्या घड्या घालत होते. "पोरीचं मन नाही लागून राह्यलं इथं. रविवारी जंगलात नेतो. मोकळ्या हवेत बोलन."

तेव्हापासून आमचा दर रविवार यवतमाळच्या कडेच्या जंगलात जातो. आणि किस्से साचत जातात, गाडीच्या डिकीत चिवडा साचतो तसे. झाडायचा कंटाळा!

मी मूळची वणीची. घरासमोरून कोळशाचे ट्रक जायचे, बोललेलं शेजारच्याला ऐकू यायचं नाही. कमी बोलायची सवय तिथली. यवतमाळात शांतता मिळेल असं वाटलं होतं. तेव्हा घरच्यांची नीट ओळख व्हायची होती!

*

गेटवर पाटी आहे, 'शांतता राखा'. सासूबाईंनी ती मोठ्यानं वाचली. मागे राहिलेल्या सासऱ्यांसाठी आणखी मोठ्यानं वाचली. शेवटी गार्ड आला. "काकू, आम्हाले माहीत हाय."

*

नणंद पिंकी व्हिडिओ काढते. "वहिनी, झाडाकडे पाह्य... आता स्माईल... आता सांग, कसं वाटून राह्यलं?"

मी तोंड उघडलं, तोवर मागून सासूबाई, "मस्त वाटून राह्यलं!"

व्हिडिओत ओठ माझे, आवाज त्यांचा. नातेवाइकांच्या ग्रुपवर सगळे खूश. सून बोलली!

*

एकदा मचाणावर मी आणि हे, दोघंच चढलो. बाकीचे खाली डबे उघडत होते. ह्यांनी हळूच विचारलं, "तुले करमत नाही काय आमच्याकडं?"

आणि जंगल एकदम शांत झालं. खाली झाकणं थांबली. चिवडा चावणंही थांबलं. इतक्या रविवारांत पहिल्यांदाच मला एक पाखरू ऐकू आलं. उत्तर द्यायची घाईच वाटेना.

"करमते," शेवटी मी म्हटलं.

"करमते म्हणते होऽऽ!" खालून सासूबाई. पाखरू उडालं.

*

सासऱ्यांची शेती बाभुळगावला. तुरीत रोही, म्हणजे नीलगाई, शिरले की हाकलायचे, यात त्यांचं आयुष्य गेलं. एका रविवारी खरंच रोही दिसला! आम्ही मोबाईल काढेपर्यंत सासरे टाळ्या वाजवत धावले. "हाऽऽट! हाऽऽट!"

"बाबा, तेच तर पाहाले येतो ना आपण!" हे कळवळून म्हणाले.

सासरे धापा टाकत, समाधानानं, "पण गेला का नाही?"

*

परवाच्या रविवारी पाणवठ्याजवळ बसलो होतो. माझे पाय दुखत होते, डोकंही. सासूबाई हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या मानानं हळू, ह्यांना म्हणाल्या, "वणीले नेऊन ठेव तिले थोडे दिवस. बोलत नाही, हासत नाही. जबरदस्ती कायले?"

हे चपलेची माती झाडू लागले. पिंकी माझ्याकडे बघेना.

तेवढ्यात सागाच्या झाडीतून एक रोही मादी बाहेर आली. मागे पिल्लू. पाण्याच्या अर्ध्या वाटेवर थांबली, कान टवकारून आमच्याकडे पाहत राहिली. पिंकीनं मोबाईल उचलला. सासूबाईंनी "अवो पाहा" म्हणायला श्वास घेतला. सासऱ्यांचे हात टाळीसाठी वर गेले.

मी उठून त्यांच्यासमोर उभी राहिले.

"बाबा, हात खाली घ्या! इथं आपली तूर नाही. उभी राहू द्या ना तिले. कोणी काही बोलू नका. येईल ती पाण्यावर, आपल्या मनानं!"