कोनी नाय

उज्वलाच्या पहिल्या वेळी डोहाळजेवणाला अर्धं गाव जेवलं होतं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सजवलेला झोपाळा आणि शेवटी समोर दोन झाकलेल्या वाट्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. उज्वलाने वाटी उघडली, पेढा निघाला, बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि दोन महिन्यांनी शिवन्या जन्मली. वाटीला कोणी जाब विचारला नाही.

दुसऱ्या खेपेला असलं काही करत नाहीत. दुसऱ्या खेपेला बाईला सगळं येतं, असं जगाने धरून चाललेलं असतं. काय खावंसं वाटतं ते कोणी विचारत नाही, पाय कोणी चेपत नाही आणि माहेरीही कोणी नेत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, ही रीत. त्यातून उज्वलाच्या भावजयीलाही दिवस गेलेले. एका छपराखाली दोन पोटुशा नकोत, असं उज्वलाच्या आईचं ठाम मत. म्हणून नवव्या महिन्यात दिंडोरीकडे सासरी जायचं आणि तोवर नाशकातच राहायचं, असं ठरलं. ठरवणाऱ्यांत आपण होतो की नव्हतो, हे उज्वलाला नक्की आठवत नव्हतं.

नाशकात म्हणजे सातपूरला, श्रमिकनगरात, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. नवरा रविराज कंपनीत सुपरवायझर. आधी कंपनी घरापासून हाकेच्या अंतरावर होती. दिवाळीनंतर तिने एक अख्खी लाईन चाकणला हलवली आणि लाईनीबरोबर रविराजलाही. तो शनिवारी रात्री येई, रविवारी संध्याकाळी जाई. माणूस चांगला. आला की आठवड्याची भाजी आणून ठेवी, सिलिंडर बदली, लेकीला खांद्यावर घेऊन फिरवून आणी. पण चांगला माणूस चाकणला असला की घरात त्याचा उपयोग तसबिरीतल्या देवाइतकाच. हात जोडता येतात, पोर पाच मिनिटं धरा असं सांगता येत नाही.

आणि पोर म्हणजे अडीच वर्षांची शिवन्या. उज्वलाला सातवा लागला होता, खाली वाकवत नव्हतं, आणि नेमकं त्याच दिवसांत शिवन्याला जगातली प्रत्येक वस्तू खाली टाकून बघायची होती. वाटी, चमचा, मोबाईल, तांदूळ. उज्वला एका हाताने ओटा धरून, गुडघे वाकवून उचले, तोवर दुसरं काही खाली आलेलं असे. अंघोळीला जाताना न्हाणीचं दार उघडं ठेवावं लागे आणि शिवन्या दारात बसून आईच्या पोटावर पाणी ओघळताना बघे. भाजीला खाली उतरायचं तर येताना पोरगी पहिल्याच पायरीवर हात वर करून उभी. कडेवर घ्यायचं कुठे? कडेची जागा पोटाने घेतलेली. मग दोघी प्रत्येक मजल्यावर बसत बसत वर येत. शेजारच्या एका घराला कुलूप, दुसऱ्यातली नवराबायको सकाळी कामावर जाणार ती दिवेलागणीला परत येणार. तेवढ्या वेळात जिन्यात माणूस म्हणून दिसत नसे.

उज्वलाला एकटं वाटत होतं. पण हे बोलायची सोय नव्हती. मूलबाळ नसलेल्या बाईला एकटं वाटलं तर लोक कळवळतात. कडेवर एक आणि पोटात एक असलेली बाई असं म्हणाली तर लोकांना ती नखरेल वाटते. त्यामुळे कोणी फोनवर विचारलं की ती सांगे, मजेत आहे.

सासूचा फोन रोज येई, संध्याकाळच्या धारा काढून झाल्या की. चंद्रभागाबाईंना व्हिडिओ कॉल फार आवडे, पण फोन धरता येत नसे. पडद्यावर त्यांचं कपाळ आणि कुंकू एवढंच दिसे. शिवन्या त्या कपाळाशी गप्पा मारी. एके संध्याकाळी कपाळाने विचारलं, "शिवे, आईच्या पोटात कोन हाय गं? भाऊ का बहीन?"

आता याला नुसता पोरखेळ समजू नका. डॉक्टर सांगत नाहीत, सांगायला कायद्याने बंदी आहे, आणि दुसऱ्या खेपेला पेढा-बर्फीही नाही. राहता राहिलं थोरलं पोर. पोटात काय आहे ते आधीच्या लेकराला दिसतं आणि त्याच्या तोंडून खरं तेच निघतं, हे चंद्रभागाबाई आपल्या आजीपासून ऐकत आलेल्या. त्यांनी प्रश्न विचारला तो कौल लावल्यासारखाच.

शिवन्याने आईच्या पोटाकडे बघितलं आणि सांगितलं, "कोनी नाय."

उज्वला हसली. चंद्रभागाबाई हसल्या नाहीत. त्यांनी परत विचारलं. शिवन्याने मान हलवून परत तेच सांगितलं, अगदी शांतपणे. पडद्यावरचं कपाळ गेलं आणि छत दिसायला लागलं, म्हणजे फोन खाटेवर ठेवला गेला होता. मग आवाज आला की घरात असलं वंगाळ बोलू देऊ नको, वास्तू तथास्तु म्हणते. आणि आत्ताच्या आत्ता पोरीवरनं मीठमिरच्या उतरव.

उज्वला बीएस्सी झालेली. तरी तिने मिरच्या उतरवल्या आणि गॅसवर तव्यात टाकल्या. मिरच्यांचा ठसका लागला नाही तर दृष्ट होती असं समजायचं. इथे असा ठसका लागला की दोघींच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि खिडक्या उघडाव्या लागल्या. म्हणजे दृष्ट नव्हतीच. एक बरं कारण होतं, तेही हातचं गेलं.

मन चिंती ते वैरी न चिंती. दुसऱ्या दिवशी उज्वलाने शिवन्याला स्वतःच विचारलं. बिस्किट देऊन विचारलं, मांडीवर घेऊन विचारलं, झोपेत असताना कानाशीही विचारलं. जागेपणी पोरगी एकच सांगे, "कोनी नाय." रविराजला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, अगं तिला अजून पिवळा आणि हिरवा कळत नाही, पोटातलं काय कळणार. खरंच होतं. पण चाकणला बसून खरं बोलणं सोपं असतं. उज्वला दिवसातून दहादा पोटावर हात ठेवून उभी राही. बाळ हललं की जीव भांड्यात पडे. मग पुढच्या हालचालीपर्यंत परत तेच.

आणि मग एका बुधवारी बाळ हललंच नाही.

सकाळी घंटागाडी येऊन गेली, चहा झाला, शिवन्याची अंघोळ झाली, तोवर तिच्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात आल्यावर ती साखरपाणी पिऊन डाव्या कुशीवर पडली. शिवन्या तिच्या अंगावर चढून बसली. उज्वलाने पोट दाबून बघितलं, हळू हळू चापट्या मारल्या, नाव नसलेल्या त्या जिवाला हाका मारल्या. काही नाही. रविराजला फोन लावला तर त्याचा फोन लॉकरमध्ये. कामाच्या जागी फोन चालत नाही. सासूला लावायला तिने फोन उचलला आणि खाली ठेवला. काय सांगणार? पोरीचं खरं झालं म्हणून? तिने फाईल घेतली, शिवन्याच्या पायात चपला अडकवल्या, आणि तिन्ही मजले कुठेही न थांबता उतरली. रिक्षात ती देवाला एवढंच म्हणत होती की बोलाफुलाला गाठ पडू देऊ नको.

दवाखान्यात तिने नंबरची वाट बघितली नाही. काउंटरवर फक्त "हलत नाहीये" एवढं म्हणाली आणि तिला आत घेतलं. डॉक्टरबाईंनी पोटावर जेल लावून यंत्र फिरवलं. आधी नुसती खरखर. उज्वलाने डोळे मिटून घेतले. मग एकदम ठोके यायला लागले, घोडं उधळावं तसे, सगळी खोली भरून.

"मस्त आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. बाळ पाठ फिरवून, पाय आत घेऊन बसलं होतं, म्हणून लाथा जाणवत नव्हत्या. तरी त्या म्हणाल्या, अर्धा तास पट्टा लावून ठोके बघू.  उज्वलाने मान हलवली.

सिस्टर पट्टा घेऊन आली. शिवन्या वायरींना हात लावत होती, तिला बाजूला घेत तिने विचारलं, "सोबत कोण आलंय तुमच्या? बोलवा त्यांना, हिला धरायला."

"कोणी नाही," उज्वला म्हणाली.

"कोनी नाय," शिवन्या म्हणाली.

त्याच सुरात. शेवटच्या अक्षराशी आवाज जसा खाली पडला, अगदी तसाच. सिस्टर हसून म्हणाली, बरोब्बर आईसारखं बोलते हो. आणि शिवन्याला उचलून आपल्या टेबलाकडे घेऊन गेली.

उज्वला पट्टा लावून पडून राहिली. पडल्या पडल्या तिला आपलाच आवाज ऐकू यायला लागला. जिन्यात पाय वाजले की शिवन्या खेळ टाकून दाराकडे धावे आणि विचारी, "कोन?" पाय वर गच्चीवर जात, नाहीतर शेजारच्या बंद दाराशी पार्सल ठेवून परत फिरत. उज्वला ओट्यापासून न हलता सांगे, कोणी नाही. शेजारच्या घराची बेल वाजली, कोणी नाही. खाली मोटरसायकल थांबली, पप्पा आले? कोणी नाही, शिवू, ये इकडे. दिवसातून किती वेळा ते तिने कधी मोजलं नव्हतं. कोण या प्रश्नाला आपल्या घरात एकच उत्तर असतं, असं पोरगी शिकली होती, आणि विचारलं तिथे इमानदारीत देत होती. यंत्रातून बाळाचे ठोके येत होते आणि उज्वला उशीत तोंड खुपसून रडत होती. ज्याला कोणी नाही म्हटलं गेलं, ते आत चांगलं उधळत होतं.

संध्याकाळी कपाळाचा फोन आला. रविराजने दुपारी आईला सगळं कळवलं होतं. शनिवारची वाट न बघता रात्रीच निघतो असंही तो म्हणाला होता, आणि उज्वलाने त्याला नको म्हणून सांगितलं होतं. चंद्रभागाबाईंनी आधी बाळाची चौकशी केली. मग पोरगी अजून तेच म्हणते का, असं विचारलं.

"शिवू पोटातलं सांगत नव्हती, आत्या," उज्वला म्हणाली. "घरातलं सांगत होती."

 पलीकडे गोठ्यात म्हैस ओरडली. मग फोन हलला, आणि कुंकवाच्या खाली पहिल्यांदा दोन डोळे दिसले.

"म्या इचारलं व्हतं तुला," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "येऊ का म्हनून. तू म्हनली, नको, मी करते. मला वाटलं सुनंला सासू नको आसंल. आजकाल लय जनींना नको आसती."

हे खरं होतं. त्यांनी विचारलं होतं, आणि उज्वलाने नको म्हटलं होतं. आई चार दिवस येते म्हणाली तेव्हा तिलाही म्हटलं होतं, आज रविराजलाही म्हटलं होतं. नको म्हणणाऱ्या बाईचं कौतुक होतं. समजूतदार आहे म्हणतात, सगळं एकटीने निभावते म्हणतात. ते कौतुक ऐकायची तिला गोडी लागली होती, आणि त्या गोडीपायी घर असं सुनं झालं होतं.

"आता येऊ का?" सासूने विचारलं.

उज्वलाच्या जिभेवर तोच शब्द पुन्हा येऊन बसला होता. गावी द्राक्षाची तोडणी चाललेली. म्हशींच्या धारा कोण काढणार? खंडेराव मामंजींना चहासुद्धा करता येत नाही. कारणं सगळी तयार होती, आणि एकही खोटं नव्हतं.

"या," ती म्हणाली.

 पलीकडून चंद्रभागाबाई सांगत होत्या, शुक्रवारी पहिल्या यष्टीनं निघते, म्हसरांचं बघत्याल ते, आन् रडू नको, पोटातल्याला लागतं. पण तो 'या' शिवन्याने ऐकला होता. हातातली वाटी टाकून ती दाराकडे पळाली. टाचा उंचावून कडीकडे हात नेला, पोहोचला नाही, तशी तिने वळून आईकडे बघितलं.

उज्वला डोळे पुसत उठली आणि तिने दार उघडलं. शिवन्या बाहेर जाऊन कठड्याच्या गजांतून खाली बघत राहिली. जिन्यात कोणी नव्हतं. उज्वलाने ते बोलून दाखवलं नाही.