वीस इंची टायर

परदेशात ट्रॉय शहरात नोकरीला असताना मी वाळूत पळवायला एक जुनी तीनचाकी एटीव्ही, म्हणजे मोटरसायकलसारखं हँडल असलेली जाड टायरांची गाडी, घेतली होती. मागचे टायर पार झिजले, तेव्हा घराजवळच्या टायरवाल्या म्हाताऱ्याकडे गेलो. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. बोलण्याआधी टायरवरून सावकाश तळहात फिरवायची त्याला सवय होती.

“पंचवीस इंची बसवा, रुबाबदार दिसेल,” मी म्हणालो.

त्याने मागच्या चाकांखाली फळ्या सारून पंचवीस इंची टायरांनी होईल तेवढी गाडी उंच केली, मला वर बसवलं आणि खांद्याने एकच रेटा दिला. एक चाक उचललं गेलं. मी घाबरून हँडल घट्ट धरलं. मग त्याने पँट वर करून नडगीवरचा लांब व्रण दाखवला.

“मलाही मोठेच आवडायचे,” तो म्हणाला. “तू वीस इंची घे. वेग थोडा कमी मिळेल, पण वळणावर गाडी जमिनीला धरून राहील.”

रविवारी तळ्याकाठच्या वाळूत मी जोरात वळलो. गाडी जराशी कलली आणि सावरली. बायको लांबून टाळ्या वाजवत होती. मला मात्र त्या म्हाताऱ्याचं कौतुक वाटत होतं. एका अनोळखी गिऱ्हाइकाला पटावं म्हणून त्याने आपली जुनी चूक उघडी करून दाखवली होती.