समोरच्या दाताचा उपास

माझा वरचा, समोरचा दात हलायला लागला तेव्हा कोलकात्यातल्या बालीगंजच्या आमच्या बिल्डिंगचा जिनासुद्धा थोडा हलला, हे मी आजही शपथेवर सांगतो. बायको म्हणते, जिना नाही, तुम्हीच हलत होतात. असेल. त्या दिवसांत मी एका जागी बसलोच नाही. बसलो की जीभ दाताकडे धावायची, त्याला ढकलून बघायची, दात पुढे जायचा, मागे यायचा. मग मी उठून चालायला लागायचो. ऑफिसात मीटिंग चालू असतानासुद्धा. साहेबांना वाटलं, शाखेच्या काळजीने हा माणूस येरझारा घालतोय. त्यांनी चारचौघांत माझं कौतुक केलं आणि मी ते दात न दाखवता स्वीकारलं.

मी बँकेतला माणूस. बदलीवर कोलकात्यात आलो तेव्हा डायबेटिस पुण्याहूनच सामानात बांधून आणला होता. त्याच्याशी माझा सरळ करार होता: पायाला जखम होऊ द्यायची नाही, डोळे अधूनमधून दाखवायचे, गोळी चुकवायची नाही. तोंडाबद्दल करारात अवाक्षर नव्हतं. ब्रश करताना बेसिन लाल व्हायला लागलं, तर मी तेवढा भाग सोडून ब्रश करू लागलो. सकाळी तोंड असं कोरडं पडायचं की टाळूला चिकटलेली जीभ सोडवायला उलथनं आणावं लागेल असं वाटे. ते मी इथल्या हवेवर ढकललं. कोलकात्याच्या घामट हवेने तोंड कोरडं पडतं, हा शोध माझाच. अजून कुणी पुढे नेलेला नाही.

शेवटी बायकोने मला गल्लीच्या टोकाच्या दातांच्या दवाखान्यात ओढत नेलं. डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची, पण मला ‘दादा’ म्हणणारी. बोलायची बंगाली वळणाच्या हिंदीत. तिने हिरडीत बारीक सळई घातली, ती माझ्या अंदाजाने हावडा पुलाखालून बाहेर आली, आणि तिने दाताबद्दल काही विचारलंच नाही.

“दादा, शुगर किती असते?”

“कंट्रोलमध्ये.”

“गेल्या दिवाळीच्या आधी होती,” बायको कोपऱ्यातून म्हणाली.

बोटाला सुई टोचली गेली. यंत्राकडे बघून डॉक्टरीण गप्प झाली. दातांची डॉक्टरीण गप्प झाली की फार वाईट वाटतं. कारण आपलं तोंड उघडंच असतं आणि त्यातून काही बोलता येत नाही.

मग तिने समजावलं. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा आजार फोफावतो, आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखरही खाली यायला कुरकुरते. हिरडीखाली खोलवर सफाई करायला हवी, पण इतक्या साखरेवर जखम नीट भरणार नाही. “आधी तुमच्या शुगरच्या डॉक्टरांना भेटा. महिन्याने या. साखर उतरली नाही, तर हा दात काही मी वाचवू शकणार नाही. शेजारचे दोन रांगेत आहेतच. आणि हो, मिष्टी बंद.”

मी खुर्चीतच ताठ झालो. “बाई, मी तुमच्या मिष्टीला शिवतसुद्धा नाही!”

हे खरं होतं. आणि याच एका खऱ्या गोष्टीने घात केला. मिठाईच्या गावात राहून मिठाई न खाणारा माणूस स्वतःला ऋषी समजायला लागतो. शुगरच्या डॉक्टरांकडे काय जायचं, मी म्हटलं, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय आहे. उपास! खाल्लंच नाही तर साखर येईल कुठून?

बायकोलाही ते पटलं. सोमवार धरला, एकादशी धरली, संकष्टी तर होतीच. सकाळी साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट सढळ हाताने. दुपारी वरईचे तांदूळ. चारला रताळ्याचा कीस, गूळ घालून, कारण उपासाला साखर बरी नव्हे. मधे अशक्तपणा येऊ नये म्हणून केळं. चंद्रोदयाच्या बाबतीत तर बदलीचा नफाच होता. पुण्याच्या कॅलेंडरात दिलेल्या वेळेच्या कितीतरी आधी इथे चंद्र उगवतो, म्हणजे उपास लवकर सुटतो. तिकडे पुण्यात माझा भाऊ ताटकळत बसलेला असताना मी इकडे वरणभात कालवत असे. मात्र जिवाला चैन नव्हतं. सगळं इतकं धर्मशुद्ध चाललेलं असताना दात का हलतोय? मी घराजवळच्या तळ्याभोवती फेऱ्या मारायचो, आरसा दिसला की ओठ वर करून बघायचो. पानवाल्याच्या आरशातसुद्धा. तो घाबरून बाजूला व्हायचा.

महिन्याने पुन्हा सुई. आकडा आधीपेक्षा चढलेला.

“यंत्र बिघडलंय,” मी म्हणालो. “माझा काल कडक उपास होता.”

“काहीच खाल्लं नाहीत?”

“काहीच नाही.”

“अहो, केळी सांगा,” बायको पुटपुटली.

“केळं फळ आहे गं!”

“आणि साबुदाणा? तो काय फूल आहे?”

डॉक्टरिणीने कान टवकारले. “साबू? दादा, आमच्याकडे आजारी माणसाला साबू देतात, अंगात ताकद यावी म्हणून. निव्वळ पीठ, पोटात गेलं की साखरच. तुम्ही तो रोज खाल्लात?”

“रोज नाही. उपासाला.”

“उपास किती वेळा?”

बायको खिडकीबाहेरचे, ट्राम बंद झालेले रूळ बघायला लागली.

डॉक्टरीण हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. तिने मास्क खाली केला आणि म्हणाली, “आणखी एक महिना. त्यानंतर मी वाट बघणार नाही. हाड झिजतंय.”

त्या संध्याकाळी मी सॉल्ट लेकला शुगरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळ्या बदलल्या, उपास मोडीत काढला, साबुदाण्याचा डबा बायकोने शेजारणीला देऊन टाकला. मऊ ब्रश आला, दातांच्या फटींतून फिरवायचा इवलासा ब्रश आला. मी तो इतक्या निष्ठेने फिरवला की देव्हाऱ्यातल्या देवांना मत्सर वाटला असेल. रक्त आधी आलं, मग कमी आलं. मी मात्र येरझारा घालतच होतो.

पुढच्या खेपेला आकडा उतरला होता. पूर्ण नाही, पण तिने सफाईसाठी इंजेक्शन भरण्याइतका. हिरडी बधिर झाली, मग तोंडात कुणीतरी मेट्रोचा बोगदा खणायला लागलं. मी खुर्चीचे दोन्ही हात धरून सगळ्या देवांना मनातल्या मनात नवस बोललो, साबुदाण्याचा एकही नाही. शेवटी तिने हलणारा दात बारीक तारेने शेजाऱ्याला बांधला.

“गेलेलं हाड परत येणार नाही,” ती म्हणाली. “पण साखर अशीच राहिली तर हा दातही राहील. दर तीन महिन्यांनी दाखवायचं. थुंका आता.”

मी गुळणी टाकली आणि आधी भांड्यात वाकून बघितलं. दात तिथे नव्हता. मग घाईघाईने आरसा मागितला. तिथे होता.