तोंड मिटून बोलणाऱ्या बायका

आत्याला ऐकू येत नव्हतं, पण तिच्यासमोर खोटं बोलायची कुणाची टाप नव्हती. सत्तावीस वर्षं तिने कापडाच्या कारखान्यात मागावर काढली. एका छपराखाली साठ माग धडधडत असले की शेजारणीच्या कानात ओरडूनही काही पोचत नाही. म्हणून तिथल्या बायका आवाज न काढता, नुसते ओठ मोठे मोठे हलवून बोलत. चार माग पलीकडची बाई मुकादमाला कुठली शिवी घालते आहे, ते आत्या हातातला धागा न सोडता सांगायची. पुढे कान गेले ते गेलेच, ओठ वाचायची विद्या मात्र राहिली.

आई गेल्यावर तिनेच मला आणि दादाला वाढवलं. सकाळी कपाटाच्या आरशासमोर उभं करून ती माझ्या वेण्या घालायची. मी पुढे, ती मागे, आणि आमचं बोलणं आरशातून. माझं तोंड घटकाभर बंद नसायचं, म्हणून तिने माझं नाव ठेवलं टकळी. "सुताची टकळी दमेल, पण ही दमायची नाही," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगे.

टकळीला नोकरीही बोलण्याचीच लागली. बसस्थानकावर, चौकशीच्या खिडकीत. डोक्यावरच्या फळ्यावर वेळापत्रक वीतवीत अक्षरांत लिहिलेलं असतं, पण ते वाचण्यात लोकांना कमीपणा वाटतो. "गाडी कधी आहे?" सव्वाचारला. "सव्वाचारची कधी आहे?" सव्वाचारला! आठ तास हे केल्यावर घरी येताना एकच इच्छा असे, की आता कुणी मला काही विचारू नये.

आणि घरी साडेसातला ती मालिका असायची.

अकरा वर्षं चालली मेली. मूळची दुसऱ्या भाषेतली, आपल्याकडे नुसते आवाज चढवलेले. ओठ एक म्हणत, आवाज भलतंच, त्यामुळे आत्याच्या विद्येचा तिथे पार फज्जा उडे. त्यातून त्या बायका दर दोन मिनिटांनी तोंड मिटून विचार करत. चेहरा डावीकडून दिसायचा, उजवीकडून दिसायचा, मागे ढोल वाजायचे आणि मनातलं बोलणं आपल्याला ऐकू यायचं. आत्याला दिसायचं फक्त मिटलेलं तोंड.

"काय म्हणाली गं?"

"म्हणाली नाही, मनात म्हणाली."

"मग मनातलं तुला कसं ऐकू आलं?"

कपाळ माझं! शेवटी मी टीव्हीकडे पाठ करून तिच्यासमोर स्टूल घेऊन बसायची आणि सगळ्यांची सगळी वाक्यं, मनातलीसुद्धा, ओठांनी तिला सांगायची. पहिली काही वर्षं मला त्यात मजाही आली. त्या घरात दोन जावा होत्या, थोरली आणि धाकटी. धाकटी फोनवर काहीतरी बोलत होती, थोरलीने दाराआडून त्यातलं अर्धंच वाक्य ऐकलं आणि तिच्या मनात कायमची अढी बसली. झालं, त्या अर्ध्या वाक्यावर सगळी मालिका चालली. आत्या पडद्याकडे हात करून ओरडायची, "अगं, विचार की तिला तोंडावर! एका शब्दाचं तर काम आहे!" मग माझ्याकडे वळून म्हणायची, "मागावरचा ताणा ताणायलाही माप असतं. ह्यांचा तुटत कसा नाही?"

तुटत नव्हता खरा. नणंद तीनदा दरीत पडली आणि तीनदा परत आली. धाकटीला दिवस गेले ते एका उन्हाळ्यात आणि मूल झालं ते पुढच्या वर्षीच्या थंडीत. हत्तिणीला लाजवलं बाईने. झोपतानासुद्धा अंगभर दागिने. हळूहळू माझं सांगणं आटत गेलं. पानभर संवादाचं मी एक वाक्य करू लागले, मग एका वाक्याचा एक शब्द. "काय म्हणाली?" "तेच." "आणि हा काय म्हणाला?" "काही नाही गं." पडद्यावरचा माणूस पाच मिनिटं हात नाचवत असे आणि माझं आपलं 'काही नाही'. आत्या माझ्याकडे बघे, मग पडद्याकडे बघे.

मग एक दिवस थोरली बदलली.

त्या दिवशी एक गाडी वाटेत बंद पडली होती आणि चाळीस माणसं दोन तास माझ्या खिडकीवर तोंडसुख घेत होती. घरी आले, स्टुलावर बसले, तर थोरलीच्या खोलीतून भलतीच बाई बाहेर आली. "आजपासून ही भूमिका अमुक करतील," असं एका आवाजाने आधी सांगितलं, पण तो आवाज आत्याला कुठला ऐकू यायला.

"ही कोण?"

"थोरली."

"मग थोरली कुठाय?"

"हीच थोरली. जुन्या बाईने काम सोडलं."

"मेली का ती?"

"नाही गं! दुसरी आणली तिच्या जागी."

आत्याने पडद्याकडे बोट केलं. मग म्हणाली, "एवढी वर्षं राबली त्या घरात. कुणी विचारतसुद्धा नाही, आमची थोरली कुठे गेली म्हणून? नवरासुद्धा नाही?"

"आत्या, मालिका आहे ती!"

"पण विचारत कसं नाहीत गं?"

हे तिने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी उठले. आरशासमोर जाऊन केस सोडले, आणि त्या मालिकेवरचा, खिडकीवरचा, सगळा राग एकदम तोंडात आला. आवाज काढायचीही गरज वाटली नाही. नुसतेच ओठ हलवले असतील, आमच्या घरच्या सवयीने. "एकदाचं संपू दे. किती ताणायचं माणसाने? सगळ्यांची सुटका होईल."

मागे आत्याने टीव्ही बंद केला. "पुरे आज," म्हणाली. मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी साडेसातला ती स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली होती. टीव्हीने डोळ्यांना पाणी येतं म्हणाली. तिसऱ्या दिवशीही वाटाणे. दहाव्या दिवशी दादा तिला न्यायला आला. तिनेच निरोप धाडला होता, जरा बदल हवा म्हणून. दादाकडे ती कधी चार दिवसांच्या वर राहिलेली नव्हती. ह्या वेळी तिने पावसाळ्याची छत्रीही भरली. ते मी बघितलं आणि विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, पहिला महिना मला बरं वाटलं. घरात आल्यावर चपला काढायच्या आणि तोंड मिटायचं.

दुसऱ्या महिन्यात घर खायला उठलं. साडेसात वाजले की हात आपोआप स्टुलाकडे जायचा. मी दोनदा तिला आणायला गेले. ती माझ्याशी गोड वागली, पाहुण्याशी वागावं तशी. "तू दमतेस, कशाला धावपळ करतेस," म्हणाली. "चल ना घरी," म्हटलं तर म्हणाली, "बघू." ह्या 'बघू'मध्ये दोन वर्षं गेली. मला वाटलं, दादाच्या मुलांत रमली असेल. वाटून घेतलं म्हणा.

मग परवा ती मालिका खरंच संपली. शेवटचे आठ दिवस मी एकटीने, एकही भाग न चुकवता पाहिले, तिला सांगता यावेत म्हणून. शेवटच्या भागात धाकटीने ते वाक्य पूर्ण म्हणून दाखवलं. दोन मिनिटं लागली. दोघी गळ्यात पडल्या. अकरा वर्षं, आणि दोन मिनिटं! रविवारची पहिली गाडी पकडली. वाटेत सगळे संवाद ओठांनी घोकत होते, तर समोरच्या बाईने पोराला उचलून दुसऱ्या बाकावर नेलं.

वहिनीने दार उघडलं. मालिकेचं सांगायला आले म्हटल्यावर ती हसली. "इथे आल्यापासून आत्याबाई टीव्हीकडे ढुंकून बघत नाहीत. मी लावून दिला तर म्हणाल्या, मला कुठे काय कळायचं त्यातलं, टकळी समोर बसून बोलायची म्हणून मी बसायचे."

आत्या खिडकीपाशी बसली होती. बरीच वाळली होती. मी स्टूल ओढून समोर बसले.

"आत्या, मालिका संपली."

तिने माझे ओठ वाचले. "संपली? एकदाची?" आणि मग अगदी मनापासून हसून म्हणाली, "चला, सगळ्यांची सुटका झाली."

माझेच शब्द. ती संध्याकाळ समोर उभी राहिली. कपाटाचा आरसा, मागे आत्या, पुढे मी. लहानपणी रोज सकाळी ज्या आरशात तिच्याशी बोलत होते, त्यातच. मला ठाऊक नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

"आत्या, ते मी मालिकेला म्हटलं होतं गं."

"मग! मालिकेलाच की," ती म्हणाली आणि माझा हात थोपटला. लहानपणी कप फोडला की असाच थोपटायची.

"खरंच सांगते. तुला नव्हतं."

"हो गं बाई, हो."

तिचे डोळे माझ्या ओठांवरून हलले नाहीत. शपथ घेऊ, असं मनात आलं. पण त्या संध्याकाळी त्या वाक्यात फक्त मालिकाच होती का, हे माझं मलाच छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. आणि तिच्यासमोर खोटं बोलायची टाप माझीही नव्हती. मी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"बोल की गं टकळे," ती म्हणाली. "मनातलं मला ऐकू येत नाही."