एका उन्हात आमसूल होत नाही

हिचं आणि माझं शेवटचं एकत्र काम म्हणजे आमसुलांसाठी रातांबे फोडणं. पडवीत टोपली मध्ये घेऊन आम्ही दोघं बसलो होतो, समोर सूनबाई. मुलगा बोटीवर असतो. सून ओडिशाची. तिची हिंदी मोडकी, माझी त्याहून मोडकी, हिला तर हिंदीचं अक्षर येत नव्हतं. तरी सुनेला मराठी शिकवायचं काम हिनंच घेतलेलं.

शिकवणं कसलं, मला तर तो नुसता वेळकाढूपणा वाटायचा. टोपली नि हात हे शब्द सुनेला आधीच येत होते. रातांबा कालचा. आज सकाळपासून नवीन काय, तर एक "फोड". हातातला रातांबा फोड. टोपलीतला रातांबा फोड. ऐकून ऐकून माझं डोकं उठलं. म्हटलं, अगं, ती काय तान्हं पोर आहे? साल, बी, रस, मीठ, सगळं एकदम सांग नि मोकळी हो.

"एका उन्हात आमसूल होतं काय हो?" ती म्हणाली. "साल रसात बुडवायची, सुकवायची, परत त्याच रसात बुडवायची. पुटावर पुट चढलं की मग टिकते."

त्याच संध्याकाळी हिच्या छातीत कळ आली. इस्पितळात पोचायच्या आधीच गेली.

पुढे तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलं, आणि जो येईल तो सुनेचा मास्तर झाला. माझी बहीण एका दमात सुतक, नैवेद्य, नातीगोती सगळं सांगायची. शेजारचे पेन्शनर गुरुजी अख्खी बाराखडी भिंतीला चिकटवून गेले. पोरगी सगळ्याला "हो" म्हणायची. हो म्हटलं म्हणजे समजलं, हे या शहाण्यांना कुणी सांगितलं देव जाणे.

माणसं पांगली, मुलगाही परत बोटीवर गेला. राहिलो आम्ही दोघं. मी तिला सांगितलं, गिरणीतून दळण आण, येताना मीठ आण, वाटेत नारळवाल्याला निरोप दे. ती "हो" म्हणाली आणि नुसतं मीठ घेऊन आली. मी ओरडलो. ओरडून मराठी येत असतं तर एव्हाना अख्खा ओडिशा मराठी बोलला असता. त्यानंतर तिचं "हो"सुद्धा बंद झालं.

संध्याकाळी ती फोनवर आईशी रडत होती. बाकी काही कळलं नाही, "तिकीट" तेवढं कळलं. सून गेली म्हणजे या घरात बोलायला बाराखडीच उरणार होती.

हिचाच राग आला. पहिल्या पुटावर सालं टाकून कुणी जातं? भांड्यात त्यांना बुरशी आली होती, ती मी माडाच्या मुळात ओतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीजवळच्या उशिराच्या झाडाचे रातांबे काढले. भिंतीवरची बाराखडी उतरवून टोपलीखाली अंथरली. सुनेला हाक मारली. आली, पण उभीच राहिली. एक रातांबा तिच्या हातात दिला आणि तोंड मिटून बसलो. मला ते जमत नाही.

तो हातात फिरवून ती म्हणाली, "रातांबा."

"फोड," मी म्हणालो.

ती खाली बसली. अख्खी टोपली त्या दोन शब्दांवर काढली. जिभेवर आलेलं बाकी सगळं गिळलं. टोपलीचा तळ दिसला तेव्हा एक साल उचलून तिच्यासमोर धरली आणि म्हटलं, "साल."

बी उद्या.